किरकोळ कामांचा रकाना

शिवा पोत्यावर वाकला, "जय बजरंगबली" म्हणाला आणि तसाच वाकलेला राहिला. पोतं हललं नाही. त्यानं पुन्हा बजरंगबलीला हाक मारली. या खेपेला पोत्याचा एक कोपरा वीतभर उठला, शिवाच्या तोंडून "आयाया" असा आवाज आला आणि कंबर धरून तो मटकन खाली बसला.

कडुनिंबाखाली खाटेवर दाजी वस्ताद बसले होते. वस्ताद म्हणजे तालमीतले गुरू. त्यांनी शिवाकडं पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, तुमचा कागूद उचलतोय का बघा आता पोतं."

शाळूचं भरलेलं पोतं, आजच्या हिशेबानं नव्वदेक किलोचं. समोर बसलेला माणूस रोज पाचशे जोर मारणारा. दंड असे की सदऱ्याची बाही शिवताना शिंपी वेगळं कापड मागायचा. भरतीची टेस्ट बारा दिवसांवर आलेली. आणि गेले दोन महिने या माणसाचा व्यायाम माझ्या प्रोग्रॅमप्रमाणं चाललेला. म्हणजे पैलवान वस्तादांचा, पण घोळ माझा.

तेवढ्यात विहिरीकडून नामा आला. त्याच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले हंडे होते. ते त्यानं खाली ठेवले आणि आम्हा सगळ्यांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडं पाहिलं.

"पोतं हलवायचंय व्हय? कुठं ठिवू?"

नामानं आपल्या मनानं ठरवलं. "बाजूला व्हा पैलवान, पाय सापडंल," असं म्हणून तो गुडघ्यात वाकला, पोतं मांडीवर घेतलं, मांडीवरून खांद्यावर, आणि पन्नास पावलांवरच्या गाडीत नेऊन टाकलं. हात झटकले. हंडे उचलले आणि पैलवानांच्या आंघोळीचं पाणी ओतायला निघून गेला.

नामा पैलवान नव्हता. तो माणदेशातला, दहिवडीकडचा, तिशीतला माणूस. त्या वर्षी तिकडं पाऊस झाला नाही म्हणून कामाला आला होता. त्याला तालमीत मजूर म्हणून मीच ठेवून घेतला होता, पैलवानांचा वेळ वाचावा म्हणून. हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर माझ्या चार्टपासून सुरुवात करावी लागेल.

साल सेहेचाळीस. लढाई संपून वर्ष झालं होतं. मी मूळचा वाईचा. मुंबईला जाऊन फिजिकल ट्रेनिंगचा एक वर्षाचा कोर्स केला, तिथं माणसाच्या शरीरातल्या स्नायूंची इंग्रजी नावं पाठ केली आणि इस्लामपूरच्या पलीकडं एका छोट्या संस्थानात 'व्यायाम निरीक्षक' म्हणून चिकटलो. संस्थानाचं नाव सांगत नाही. संस्थान एवढं लहान होतं की नाव घेतलं तर सगळ्यांना एकमेकांचे चेहरे आठवतील.

माझे साहेब म्हणजे तिथले शिक्षणखात्याचे प्रमुख. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेबांच्या पायातले बूटसुद्धा गडी काढायचा, पण व्यायामावर त्यांचा फार जीव. अर्थात दुसऱ्यांच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

"हे पाहा, आपल्या तालमीत परंपरा आहे, पण शिस्त नाही. कुणी जोर मारतो, कुणी मुद्गल फिरवतो. कशानं काय होतं याचं वर्गीकरण नाही. तुम्ही एक शास्त्रीय चार्ट तयार करा. प्रत्येक व्यायाम त्याच्या त्याच्या रकान्यात. सगळ्या शाळांत लावू."

"करतो साहेब."

"आणि गार्डाची भरती आहे. त्यात आपल्या तालमीचा निदान एक तरी पैलवान लागला पाहिजे. नाहीतर दिवाणसाहेब विचारतात, ही माणसं नुसती दूध पिऊन करतात काय?"

संस्थानच्या खजिन्यावर आणि कचेरीवर पहारा करणारी जी तुकडी, तिला गार्ड म्हणत. तिचे नवे प्रमुख फौजेतून आलेले कॅप्टन होते. त्यांनी ओळखीपाळखी बंद करून टेस्ट ठेवली होती. मैलभर धावायचं. आडव्या बारला लोंबकळून हनुवटी बारच्या वर न्यायची, असं सहा वेळा. याला चिनिंग म्हणतात. आणि धान्याचं भरलं पोतं जमिनीवरून उचलून पन्नास पावलं नेऊन गाडीत टाकायचं. जागा सहा होत्या.

तालमीतून एकच जण बसणार होता, तो शिवा. कडेगावकडचा. वय अठ्ठावीसला टेकलेलं, आणि गार्डाला अठ्ठावीसनंतर घेत नसत. म्हणजे त्याला ही एकच संधी. आठ वर्षं तो तालमीत होता. आठ वर्षं घरच्या म्हशीचं दूध आधी त्याच्या वाट्याला काढून ठेवलं जायचं आणि उरलं तर भावांच्या पोरांना मिळायचं. कुस्त्या त्यानं बऱ्या केल्या, पण नाव गाजावं इतक्या नाही. लग्न झालेलं, एक मुलगी. थोरल्या भावानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "ही भरती झाली तर झाली. न्हाईतर मुंबईची गोदी धर. आता म्हस आमच्या पोरांची." भावाचं तरी काय चुकलं? पण शिवाला मुंबईच्या नावानंच कापरं भरायचं. त्याच्या गावचे चौघं गेले होते, चौघंही खोकत परत आले होते.

मी चार्टाला बसलो. तालमीतल्या व्यायामांची आधी यादी केली. जोर, म्हणजे तळहातांवर अंग तोलून खाली जायचं आणि वर यायचं. बैठका. मुद्गल, म्हणजे खांद्यामागून फिरवायचे जाड लाकडी सोटे. नाल, म्हणजे मधे मूठ असलेलं दगडाचं जाड कडं, ते डोक्यावर उचलायचं. आणि असेच आणखी दहा-बारा. मग कोर्समध्ये शिकवलं होतं त्याप्रमाणं शरीराच्या भागांचे रकाने पाडले. छाती, खांदा, दंड, पोट, पाठ, पाय.

छातीचा रकाना लगेच भरला. पायांचा भरला. खांद्याचा तर ओसंडून वाहिला. पाठीच्या रकान्यात मात्र 'दोर चढणे' एवढंच बसलं. आणि तालमीतला दोर दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मोटेला म्हणून गेला होता तो परत आलाच नव्हता.

आता ज्यानं कधी तक्ता केला असेल त्याला ठाऊक असेल की रिकामा चौकोन फार छळतो. शेजारचे सगळे भरलेले आणि हा एक उघडा. साहेब काय म्हणतील? मी त्यात 'जोर' पुन्हा लिहिलं. पाठीला थोडा ताण बसतोच की. मग मुद्गलही लिहिले. चौकोन भरला. चार्ट देखणा दिसायला लागला.

शेवटी उरली ती तालमीतली बाकीची कामं. त्यातलं मोठं काम म्हणजे हौदा उकरणं. हौदा म्हणजे लाल मातीचा कुस्तीचा आखाडा. त्यातली माती रोज फावड्यानं खालवर करावी लागते, नाहीतर ती घट्ट बसते आणि पडणाऱ्याची हाडं मोडतात. ती उकरून झाली की एका जाड फळीला दोर बांधायचा, फळीवर एखाद्याला उभा करायचा आणि ती ओढत सगळी माती सपाट करायची. हे सगळे पैलवान पाळीपाळीनं करत. मी दाजी वस्तादांना विचारलं, "वस्ताद, हे उकरणं कुठल्या व्यायामात धरायचं?"

वस्तादांनी स्वतःचे मोडलेले कान पकडले. "व्यायाम? मास्तर, ही मातीची सेवा हाय. आईचं पाय चेपताना कुनी व्यायाम म्हंतं का?"

झालं. मी सगळ्यात शेवटी एक रकाना पाडला. 'किरकोळ कामे'. त्यात हौदा उकरणे, फळी ओढणे, विहिरीचं पाणी शेंदणे, दिवा लावणे आणि केर काढणे, अशी सगळी भरती करून टाकली. मग हिशेब केला. या किरकोळ कामांत शिवाचा रोज तासभर जातो. एक मजूर ठेवला तर तेवढ्या वेळात दोनशे जोर जास्त होतील. मला माझंच कौतुक वाटलं. रावसाहेबांना माझ्याहून जास्त वाटलं. त्यांनी मजूर मंजूर केला आणि माझ्या हातचा चार्ट तालमीच्या भिंतीवर लागला.

"सेवा भाड्यानं?" वस्ताद म्हणाले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग, "सरकारचा हुकूम हाय, आपुन कोन?" असं म्हणून त्यांनी खाट कडुनिंबाखाली ओढून घेतली आणि तिथंच मुक्काम ठोकला.

दोन महिने सगळं छान चाललं. शिवाची छाती रुंद झाली. सदरे उसवले. रावसाहेब एकदा येऊन पाहून गेले आणि खूश होऊन त्यांनी चार्ट छापायला टाकला, वर स्वतःची प्रस्तावना घालून. आणि मग आली ती सकाळ, जेव्हा मी टेस्टची रंगीत तालीम म्हणून पोतं आणवलं. पोत्याच्या आधी कडुनिंबाच्या फांदीला चिनिंग घेतलं होतं. शिवानं तीन काढले. चौथ्याला तो फांदीवर नुसता लोंबकळत राहिला आणि वरून निंबोळ्या पडल्या.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

त्या दिवशी दुपारी मी नामाजवळ जाऊन बसलो. तो भाकरी खात होता.

"नामा, तू दिवसभर काय काय करतोस ते सांग बघू."

तो घाबरला. "काय चुकलं का मास्तर?"

"नाही रे. सांग नुसतं."

"उजाडायच्या आदी हौदा उकरतो. मंग फळी वढतो. मंग पैलवानांस्नी पानी शेंदतो, ईस-पंचीस हंडं हुत्यात. मंग चुलवानाची लाकडं फोडतो. मंग जेवतो."

"आणि व्यायाम?"

"आवं मास्तर," नामा हसला, "येळ कुठं गावतोय?"

मी उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नामाच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि स्वतः हौद्यात उतरलो. वाईच्या आमच्या घरी फावडं परसातल्या अळवापुरतं वापरलं जायचं, तेही आई वापरायची. तालमीचं फावडं त्याच्या तिप्पट वजनाचं. अर्धा तास उकरलं. मग फळी ओढली. मग दहा हंडे शेंदले. सगळे पैलवान व्यायाम सोडून बघत होते. एकजण म्हणाला, "मास्तर, धोतराचा काष्टा सुटतोय." मी तो धरला, तर फावडं पायावर पडता पडता राहिलं. वस्ताद खाटेवरून उठून हौद्याशी आले, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठता येईना. पण पडल्या पडल्या मी एक काम केलं. कुठं कुठं दुखतंय त्याची नोंद केली. छाती? बिलकूल नाही. खांद्याचा पुढचा भाग? नाही. दुखत होती ती कंबर, मांड्यांची मागची बाजू, पाठीचे दोन्ही फरे म्हणजे खांद्यांमागची पाती, आणि बोटांपासून कोपरापर्यंत हात. म्हणजे माझ्या चार्टातला तो रिकामा चौकोन होता ना, तो जसाच्या तसा माझ्या अंगावर ठणकत होता. पुस्तकात चूक सापडते, छपाईत सापडते, दुखण्यात सापडत नाही.

आता हे सोप्या भाषेत सांगतो. माणसाचं शरीर भागाभागानं काम करत नाही. ते धंद्यानं काम करतं. एक धंदा ढकलायचा. दुसरा ओढायचा. तिसरा बसून उठायचा. चौथा वाकून उचलायचा. पाचवा ओझं घेऊन चालायचा. जोर, मुद्गल, नाल, सगळं करून बघा, त्यात मुख्य काम ढकलायचं, पेलायचं. बैठका उठबशीच्या. तालमीत ओढायचं आणि वाकून उचलायचं जे काही होतं ते सगळं माती उकरण्यात, फळी ओढण्यात आणि पाणी शेंदण्यात होतं. वस्ताद त्याला सेवा म्हणत होते, मी किरकोळ म्हटलं, आणि ते शिवाच्या अंगातून काढून नामाच्या अंगात भरलं. वस्तादांच्या सेवेनं आठ वर्षं शिवाचं भलंच केलं होतं. नुकसान केलं ते माझ्या रकान्यानं.

मी लंगडत तालमीत गेलो आणि कोळशानं भिंतीवर पाच शब्द लिहिले. ढकल. ओढ. बस-ऊठ. वाक-उचल. घेऊन चाल. प्रत्येकाखाली व्यायाम लिहिले. वस्तादांना वाचून दाखवलं.

"एवढंच व्हय?" ते म्हणाले. "हे तर म्हशीलाबी ठावं हाय."

"म्हशीनं मला सांगितलं नाही ना वस्ताद."

"तिला इचारलं का तुमी?"

 

बारा दिवसांतले दोन गेले होते. दहा उरले. दहा दिवसांत कुणाच्याही अंगात नवी ताकद येत नाही, हे मी कुणालाही लिहून देतो. पण आठ वर्षं कमावलेली आणि दोन महिन्यांत झोपलेली ताकद उठवता येते, एवढी आशा होती. पहिले दोन दिवस कंबर शेकून घेतली. शिवाचे पाचशे जोर मी शंभरावर आणले. उरलेल्या वेळात आधी हलक्या हातानं आणि मग पुरता हौदा, फळी आणि विहीर. पोतं अर्धं रिकामं केलं आणि रोज त्यात दोन-तीन पायल्या शाळू वाढवत नेला. चिनिंगला वेगळी युक्ती केली. दमेपर्यंत करायचं नाही. दिवसभरात जितक्या वेळा कडुनिंबाखालून जाशील तितक्या वेळा दोन काढायचे आणि पुढं व्हायचं. त्या दहा दिवसांत शिवाला त्या झाडाखालून जायची इतकी कामं निघाली की वस्तादांना खाट हलवावी लागली.

नामाचा प्रश्न मात्र उरला. त्याची कामं शिवानं घेतली, मग त्याला कशावर ठेवायचं? मी रावसाहेबांकडं गेलो. दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आणि दुसरी जास्त अवघड होती.

"मजूर काढू नका," रावसाहेब म्हणाले. "तो बजेटात मंजूर झालाय. काढला तर पुढच्या वर्षी पोस्ट जाईल."

"पण त्याला काम नाही साहेब."

"बजेटात काम लागत नाही. दुसरं काय?"

"साहेब, चार्टात चूक आहे."

त्यांनी चष्मा काढला. टेबलाच्या मागं चार्टांचा गठ्ठा होता, छापून आलेला, वरचा तर काच लावून फ्रेमसुद्धा केलेला. "चूक? त्यावर माझी प्रस्तावना आहे."

"प्रस्तावना बरोबर आहे साहेब. खालचा तक्ता चुकलाय."

"तक्ता चुकला असता तर मी प्रस्तावना लिहिली असती का?"

या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही विद्यापीठात तोड नाही. मी पाठीच्या रकान्याबद्दल बोललो, नामाबद्दल बोललो, माझी कंबर अजून वाकत नाही हेही दाखवलं. रावसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुम्ही लेखी देऊ नका. शिवा लागला तर चार्टामुळं लागला. नाही लागला तर चार्ट पाळला नाही म्हणून लागला नाही. जा."

नामाला मी फळीवर बसवला. फळीला वजन हवंच होतं. ते सगळे दिवस नामा पगारी बसून राहिला. अडकित्त्यानं सुपारी कातरत तो फळीवर मांडी घालून बसायचा आणि पुढं शिवा दोर खांद्यावर घेऊन त्याला हौद्यातून फिरवायचा. "जरा डावीकडनं घ्या पैलवान, तितं ढेकळं ऱ्हायल्यात," असं मधूनच सांगायचा. शिवा दात-ओठ खायचा. रागानंही ताकद येते, याचा रकाना मात्र मी कधी केला नाही.

शेवटचे दोन दिवस मी शिवाला पूर्ण विश्रांती दिली. वस्ताद म्हणाले, "परीक्षेच्या तोंडावर बसवून ठिवता? येडं का खुळं?" मी म्हटलं, "वस्ताद, जमीनसुद्धा पेरणीआधी तापू देतात." हे उदाहरण बरोबर होतं की नाही देव जाणे, पण त्यांनी हट्ट सोडला.

टेस्ट कचेरीसमोरच्या मैदानावर होती. चाळीसेक जण आले होते. त्यातले निम्मे लढाईवरून परतलेले, फौजी बूट घालून. शिवा अनवाणी. मैलभर धावण्यात तो मधल्या घोळक्यात आला, चालण्यासारखं होतं. मग बार.

कॅप्टनसाहेब स्वतः बारखाली उभे राहून मोजत होते. "वन." शिवा खाली आला, वर गेला. "टू. थ्री." मी हातातली टोपी पिळायला लागलो होतो. "फोर." पाचव्याला शिवा वर गेला, पण थांबला आणि खाली आला. कॅप्टन काही बोलले नाहीत. शिवा पुन्हा वर गेला. "फाईव्ह."

"साहेब, सहा झाले," मी ओरडलो.

"मधल्याला नुसती मिशी वर गेली," कॅप्टन माझ्याकडं न बघता म्हणाले. "मुझे ठुड्डी चाहिए."

शिवा लोंबकळत होता. फक्त लोंबकळत होता. हाताच्या शिरा तटतटल्या होत्या आणि बोटं एक एक करून सुटतील असं वाटत होतं. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. मला त्याची मुलगी आठवली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. मग वस्ताद, जे मैदानात यायला तयारच नव्हते आणि तरी आले होते, मागून मोठ्यांदा म्हणाले, "शिवा, हंडा वर घे रं! इहिरीतच ऱ्हायला त्यो!"

शिवा वर गेला. आधी कपाळ, मग नाक, मग ती घात करणारी मिशी, आणि मग हनुवटी. तो ती बारवर टेकवून तसाच राहिला, कॅप्टनना नीट दिसावी म्हणून.

"सिक्स. उतर आता."

पोतं त्यानं उचललं. सहज नाही. गुडघ्यात वाकून, मांडीवर, मांडीवरून खांद्यावर, अगदी नामासारखं. पन्नास पावलं गेला, गाडीत टाकलं आणि मग गाडीच्या चाकाला धरून बराच वेळ उभा राहिला. सहा जणांत त्याचं नाव शेवटचं लागलं. शेवटचं का असेना. वस्तादांनी मैदानातच मला मिठी मारली आणि माझ्या दुखऱ्या कंबरेतून कळ आली.

चार्ट सगळ्या शाळांत लागला. रावसाहेबांनी रिपोर्टात लिहिलं की शास्त्रीय वर्गीकरणाचा हा विजय आहे. मी लेखी काही दिलं नाही. याची लाज मला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते. पुढं संस्थान गेलं, रावसाहेब गेले. एका शाळेत तो चार्ट मी नंतरही टांगलेला पाहिला, पाठीच्या रकान्यात जोर आणि मुद्गल, काचेखाली सुरक्षित.

पण मला सांगायचंय ते हे नाही. नेमणुकीनंतर पंधरा दिवसांनी शिवा खाकी कपड्यांत माझ्या खोलीवर आला. साताऱ्याहून कुणाकडून तरी मागवलेले कंदी पेढे घेऊन. पाया पडला. मी सहज विचारलं, "शिवा, तुझी कंबर ढिली पडतेय हे तुला पहिल्यांदा कधी कळलं? त्या पोत्याच्या दिवशीच ना?"

"न्हाई मास्तर. तिसऱ्याच आठवड्यात कळलं. पान्याची बादली उचलताना कसंतरीच व्हायचं."

मी पेढा तोंडात घालता घालता थांबलो. "मग बोलला का नाहीस?"

तो ओशाळला. जणू चूक त्याचीच. "तुमी शिकल्यालं मानूस. आन् कागूद भितीवर लावल्याला. त्यात समदं बराबर लिवलं व्हतं. म्या म्हनलं, माजीच कंबर चुकत आसंल."

आठ वर्षांचं दूध, बायको, मुलगी, आणि पुढ्यात मुंबईची गोदी. आणि तरी हा माणूस माझ्या कागदाला खोटं ठरवायला तयार नव्हता. तो नापास झाला असता, तर गोदीतही स्वतःच्या कंबरेलाच दोष देत राहिला असता. हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला.

नंतर मी तीस वर्षं याच कामात काढली. पुष्कळ प्रोग्रॅम केले, वर्गीकरणं केली, त्यातली काही बरोबरही निघाली असतील. एक सवय मात्र लावून घेतली. नवा माणूस आला की आधी त्याला विचारायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू काय काय उचलतोस, ओढतोस, वाहतोस? आणि प्रोग्रॅम सुरू झाल्यावर दर आठवड्याला विचारायचं, कुठं कसंतरी होतंय का? नाही म्हणाला तर पुन्हा विचारायचं. तक्ता करणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. कंबर दुसऱ्याची असते.